लेबल नसलेली 'नैसर्गिक' डबी आणि लेकराचा इसब

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. चार वर्षांचा मुलगा, कोपरांच्या आतल्या वळ्यांत आणि गुडघ्यांमागे इसब, रात्रभर खाजवणं, आणि आत्तेसासूबाईंनी आणून दिलेली 'शंभर टक्के नैसर्गिक' मलमाची डबी. लावलं की दोन दिवसांत खाज गायब, बंद केलं की दुप्पट. यावर आणखी घरगुती काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय. आमच्या मुलीचं हेच झालं होतं, म्हणून उपायांआधी त्या डबीबद्दलच बोलते. मी डॉक्टर नाही, फक्त पोळलेली आई आहे, तेव्हा त्या हिशेबानेच वाचा.

आमची डबी एका केंद्रातली होती. नाव लिहीत नाही. पांढरी प्लास्टिकची डबी, वर केंद्राचं नाव, फोन नंबर आणि तुळशीच्या पानाचं चित्र. बस्स. आत काय आहे, कुठे बनलं, कधी बनलं, लायसन्स नंबर, काही म्हणजे काही नाही. मलम पांढरंशुभ्र, गुळगुळीत. झाडपाल्याचं म्हणतात तर ना रंग, ना वास. पण तिसऱ्या सकाळी मुलीचं अंग इतकं स्वच्छ दिसलं की घरात सगळ्यांनी केंद्राला हात जोडले. काही महिन्यांनी गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, लव वाढली, आणि डबी संपली त्या आठवड्यात इसब मानेपर्यंत चढला.

केंद्रात गेले तर काउंटरवरची बाई म्हणाली, "आतलं विष बाहेर पडतंय, सोसायला हवं." घटक विचारले तर, "घराण्याचं औषध आहे, सांगत नाहीत." बिल मागितलं तर वहीचा कोरा कागद फाडून त्यावर आकडा लिहून दिला. आणि वर मोठी डबी घ्या म्हणे, स्वस्त पडते! आजही आठवलं की डोकं फिरतं. आयुर्वेदिक औषधावर घटक, लायसन्स क्रमांक, बॅच आणि उत्पादनाची तारीख छापणं कायद्याने बंधनकारक आहे. माझी तक्रार आयुर्वेदाशी नाही, लपवाछपवीशी आहे.

शेवटी बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, त्वचारोग विभागात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी डबी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "यावर काही छापलेलंच नाही, तर मी कशावर बोलू?" पण गालांवरच्या शिरा आणि लव बघून त्यांनी कडक स्टेरॉइडचा संशय बोलून दाखवला. अशी मलमं 'हर्बल' म्हणून विकली जातात, हे तेव्हा कळलं. स्टेरॉइडची बरीच मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. बिननावाच्या डबीला कसली चिठ्ठी?

तेव्हा ताई, ती डबी फेकू नका आणि मनाने एकदम बंदही करू नका. तशीच घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. हळूहळू कसं उतरवायचं ते त्या सांगतील. त्यांनी सौम्य स्टेरॉइड लिहून दिलं तर घाबरू नका. ठरलेल्या जागी, ठरलेले दिवस, मोजून लावलं तर ते उपयोगीच आहे. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून निघालेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आता नैसर्गिक उपायांचं. माझं मत एकांगी वाटेल, पण इसबावर जितकं कमी लावाल तितकं बरं. कोमट पाण्याची पाच-दहा मिनिटांची आंघोळ, पंचाने टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, भरपूर लेप. बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा साधी पेट्रोलियम जेली. कंजूषी नको, इसब जोरात असेल तर लहान मुलाला आठवड्याला पाव किलोसुद्धा लागतं. तेल हवंच असेल तर नारळाच्या रसाचं, आटवून काढलेलं खोबरेल. ते आमच्या मुलीला मानवलं. भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, टाचांना छान, पण लेकराच्या अंगाला घट्ट पडतं, चोळून चोळून कातडी आणखी लाल होते. ऑलिव्ह तेल नको, त्याने त्वचेचं कवच उलट कमजोर होतं.

खोबरेलात कापूर घालायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो अजिबात ऐकू नका. कापूर लहान मुलांना विषारी आहे, झटके येऊ शकतात. कडुनिंबाचा वाटलेला पाला, लिंबू, हळद हे सगळं फुटलेल्या कातडीवर झोंबतं. आणि बेसन-दुधाचं उटणं! सगळ्यात निरुपद्रवी वाटतं, पण सोललेल्या त्वचेवरून अन्नाचे कण आत गेले की पुढे त्या पदार्थाचीच ॲलर्जी होण्याचा धोका असतो. ओट्सच्या पाण्याने खाज शमते खरी, पण ओट्सही अन्नच, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा.

पिवळी खपली, पू, ताप, किंवा एकसारख्या बारीक फोडांचा पुंजका दिसला तर घरी काहीच करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाकी किरकोळ. नखं दर दोन दिवसांनी कापा. पावसाळ्यात आपल्याकडे कपडे घरात वाळतात आणि कुबट होतात. मुलाचे बनियन आणि चादर तरी पंख्याखाली पूर्ण कोरडे करा, आणि धुताना एकदा जास्तीच्या पाण्यातून काढा. पावडर साबणाचा अंश राहिला की खाज ठरलेली. शाळेचा टेरिकॉटचा गणवेश हा वेगळाच वैताग आहे. आम्ही आत सुती बनियन घालून चालवलं. घामाचा त्रास मात्र गेला नाही, तो गोव्यात जाणारही नाही.

आणि माशेलच्या चिखलकाल्याला, म्हणजे चिखलात खेळायच्या उत्सवाला, न्यायचं का, असं शेवटी विचारलंय. अंगावर ओल्या जखमा असतील तर यंदा नको. कातडी बंद असेल तर खुशाल न्या. तिथे तेल चोपडूनच उतरतात, तुम्ही ते घरूनच जरा जाडसर लावून न्या. चिखल अंगावर वाळायच्या आत धुवा आणि बदली कपड्यांसोबत मॉइश्चरायझर पिशवीत ठेवा.