जाहिरात राहू द्या, त्या पैशांचं दही आणा

ताई, तुम्ही विचारलंय की सोलापूरहून पुण्याला आल्यावर कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकायला लागलात, सोलापूरची माणसं हौसेनं नेतात, पण बाकीचे एकदा घेतात आणि परत फिरकत नाहीत; तर जाहिरातीला पैसे घालावेत का? मी सोलापुरात हाच धंदा चौदा वर्षं करतेय. जाहिरात आत्ता नको. त्या पैशांचं दही आणा.

परत न आलेल्यांना भाकरी आवडली नाही असं नाही, ती कशी खायची हेच त्यांना कळलं नाही. आपल्याकडे पोरंसुद्धा ताटात भाकरी चुरून वर गरम आमटी ओततात. नवा माणूस तीच पापडासारखी कोरडी मोडतो, दाताला लागते, मग पुडा फडताळात मागे जातो. पुण्यातल्या एका प्रदर्शनात माझे दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी मी टेबलावर वाट्या मांडल्या. अर्धी भाकरी मुठीत चुरायची, त्यावर दोन पळ्या दही, चिमूटभर चटणी, कच्चा कांदा, आणि मिनिटभर थांबायचं. भाकरी दही पिते, पण कडा कुरकुरीत राहतात. एका बाईंनी वाटी संपवली आणि तिथूनच घरी फोन लावला, "रात्रीसाठी दही विरजून ठेव गं." तेव्हापासून मी वाटीशिवाय कुठं बसत नाही.

दुसरं, आपले सण धरा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा गावाबाहेरच्या प्रत्येक सोलापूरकराचा जीव घराकडे ओढतो. त्याआधी मार्गशीर्षात वेळ अमावास्या. शेतात कडब्याची खोप, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवायचं. पुण्यात कितीजणांना शेत आहे? ओळखीच्या कुणाच्या शेतावर पंगत घाला. प्रत्येक सोलापुरी घरानं शेजारचं एक बिगर-सोलापुरी घर आणायचं. त्या दिवशी एकही पुडा विकू नका, हे मी अगदी मनापासून सांगते. पंगतीत जेवलेला माणूस नंतर स्वतःहून विचारत येतो आणि चार जणांना घेऊन येतो.

मागणी वाढली की यंत्राचा मोह होईल. मी कर्ज काढून भाकरी दाबायचं यंत्र घेतलं होतं. कडा जाड यायच्या, आत ओल राहायची, आणि श्रावणात अख्ख्या मालाला बुरशी लागली. यंत्र विकून टाकलं आणि गल्लीतल्या पाच घरांत काम वाटलं, नगावर मजुरी, दर शनिवारी हातात पैसे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं. तिथंही पीठ मळून मिळतं आणि पापड बायका आपापल्या घरी लाटतात. पाच घरं कामात आली की त्यांचे पाहुणे, माहेरची माणसं सगळी तुमची होतात. हे कुठल्याच जाहिरातीनं होत नाही.

मालाबद्दल थोडक्यात. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडीच घ्या, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालंय, पुड्यावर तसं लिहा. पीठ ताजं दळा. विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेल्या पिठाची भाकरी थापतानाच चिरते. भाकरी पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरू नका, वाफ कोंडली की ती मऊ पडते. आणि चटणी कुटूनच करा, ताई. मिक्सरमध्ये शेंगांचा कूट होतो, तेल सुटलेली चटणी होत नाही. अन्न सुरक्षेची नोंदणी केली नसेल तर आधी ती करा.

पंगत ठरली तर आंबील आदल्या संध्याकाळीच करून मातीच्या मडक्यात ठेवा. त्याच दिवशी केलेली आंबत नाही, आणि जुनी माणसं पहिला घोट घेताच ओळखतात.