ट्रान्सप्लान्टनंतर मानेत गाठ आली, आता डॉक्टर गोळ्या कमी करतायत. किडनी जाणार नाही ना?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला आईची किडनी बसवली, वर्षाच्या आत मानेत गाठ आली, बायोप्सीत पीटीएलडी (ट्रान्सप्लान्टनंतर काही पांढऱ्या पेशी बेसुमार वाढण्याचा आजार) निघालं आणि डॉक्टरांनी मायकोफेनोलेट बंद करून टॅक्रोलिमसही कमी केलं (दोन्ही प्रतिकारशक्ती दाबून नवी किडनी टिकवणाऱ्या गोळ्या). मी पुण्यात ट्रान्सप्लान्ट कोऑर्डिनेटर आहे, डॉक्टर नाही. पण ‘गोळी चुकवू नका असं तुम्हीच बजावलंत, आता तुम्हीच कमी करताय?’ हे ओपीडीबाहेर नातेवाइकांकडून ऐकत आले आहे.

इथे गोळ्या कमी करणं हाच पहिला उपचार. एपस्टाईन-बार विषाणू बहुतेकांच्या शरीरात जन्मभर बी-पेशींमध्ये (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दडून असतो. टी-पेशी (दुसरा प्रकार) त्याला डोकं वर काढू देत नाहीत. किडनी टिकावी म्हणून आपण नेमक्या त्याच टी-पेशी दाबतो. मग त्या बी-पेशी बेसुमार वाढून गाठ होते. गोळ्या उतरवल्यावर अशा गाठी विरघळू शकतात, हे ट्रान्सप्लान्ट सर्जन थॉमस स्टार्झल यांच्या गटाने १९८४ मध्येच दाखवलं होतं. सगळ्यांच्या विरघळत नाहीत. मग रिटुक्सिमॅब (बी-पेशी मारणारं औषध), आणि गरज पडली तर केमो.

रिजेक्शनची, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारेल ही भीती खोटी नाही. म्हणूनच आता क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी) वरचेवर बघतील. टॅक्रोलिमसची लेव्हल द्यायची तर सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर. घेऊन आलात तर रिपोर्ट फसवा येतो.

बायोप्सी झाली हे फार बरं झालं. आपल्याकडे मानेत गाठ आणि ताप म्हटलं की टीबीच धरतात. अंदाजाने टीबीची औषधं सुरू केली असती, तर त्यातल्या रिफॅम्पिसिनने टॅक्रोलिमसची लेव्हल धाडकन खाली आली असती आणि गाठीचं निदान लांबलं असतं ते वेगळंच.

‘इम्युनिटी वाढवायची ना, मग गुळवेलीचा काढा द्या’ असं सांगणारा एखादा काका येईलच. चहा पाजून त्यांना वाटेला लावा. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत.

आणि आईंना सांगा, विषाणू त्यांच्या किडनीतून आला असला तरी दोष त्यांचा नाही. मोठ्या माणसांत ९० टक्क्यांहून जास्त जणांत तो असतो. दुसरा दाता शोधला असता तरी बहुधा हेच झालं असतं.

पुढच्या भेटीत एवढं विचारा: गाठ कमी होतेय का हे कधी आणि कोणत्या तपासणीने बघणार, आणि नाही झाली तर रिटुक्सिमॅब कधी?