पोटाला मुका मार, सोनोग्राफी नॉर्मल, तरी आत रक्तस्राव?

प्रश्न : डॉक्टर, माझा भाचा राऊहून इंदूरला येताना बाइकवरून पडला, हँडलचं टोक पोटात लागलं. बाहेर नुसता गोल लाल वळ. सोनोग्राफीत काही निघालं नाही म्हणून आम्ही घरी न्यायला निघालो तर सर्जननी अडवलं, रात्री सीटी केला तर पोटातल्या मोठ्या शिरेला इजा, बाजूला रक्त साचलेलं. तरी ऑपरेशन नाही, आयसीयूत ठेवून नुसती वाट बघितली! आता घरी आलाय. पण सोनोग्राफी चुकली का? आणि वाट बघणं रिस्की नव्हतं?

उत्तर : ताई, सोनोग्राफी चुकली असं मी म्हणणार नाही. अपघातानंतरची ती झटपट सोनोग्राफी पोटाच्या पोकळीत मोकळं रक्त आहे का एवढंच बघते. सगळ्यात मोठी शीर, इन्फिरिअर व्हेना केवा, पार मागे मणक्याला लागून उजवीकडून वर जाते, तिचं रक्त बरेचदा मागच्या मागेच साचतं, ते कॉन्ट्रास्ट सीटीतच (शिरेतून औषध देऊन काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये) नीट कळतं. तुमच्या सर्जननी अडवलं ते फार चांगलं केलं.

शिरेतलं प्रेशर धमनीपेक्षा खूप कमी, त्यामुळे साचलेलं रक्तच वरून दाबून भोक थोपवून धरतं. पेशंट स्थिर असताना पोट उघडलं की तो दाब जातो आणि थांबलेलं रक्त भळाभळा सुटू शकतं. लिव्हरच्या मागे तर पोचणंच कठीण, तिथे ऑपरेशन करावंच लागलं तरी कित्येकदा पॅड भरून दाबून ठेवतात नि एक-दोन दिवसांनी परत उघडून काढतात. बीपी पडायला लागलं तर मात्र थांबायचं नाही, सरळ ऑपरेशन थिएटर.

आणि बीपीवर एकट्यावर विसंबायचं नाही, तरुण पोरांचं तर मुळीच नाही, जवळपास 30 टक्के रक्त जाईपर्यंत ते टिकून राहू शकतं, म्हणजे 60 किलोच्या मुलाचं लिटरभराच्या वर. त्याआधी नाडी पळते, हातपाय गार पडतात, घाम, तहान, उगाच बेचैनी. नर्स सारखी नाडी बघत होती ना, ती यासाठीच.

आता बाइक, जिम, क्रिकेट सर्जन हो म्हणेपर्यंत बंद. शिरेला इजा झाली की तिथे गुठळी धरायची भीती असते, तेव्हा पाय सुजला किंवा एकदम दम लागला तर ओपीडीची वाट न बघता इमर्जन्सीत न्या, आणि रक्त पातळ करायची गोळी दिली असेल तर ती मनाने बंद करू नका.