गेममधल्या बायकांना असं दाखवतात, यात गेम विकणाऱ्या स्टोअरची काहीच जबाबदारी नाही का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सातवीत आहे, त्याच्या गेममधली बायकांची पात्रं बघून तुम्ही हादरलात, आणि ज्याला विचारावं तो 'पालकांनीच लक्ष ठेवायला हवं' म्हणून मोकळा होतो. मला हे पटत नाही. पालकांचं काम आहेच, पण विकणाऱ्याचं त्याच्या आधी येतं. मी सांगलीत विश्रामबागला गेमिंग पार्लर चालवतो, त्यामुळे या प्रश्नात मीही आलोच.

मे महिन्याच्या सुट्टीत सहावीतली एक मुलगी भावाबरोबर आली होती. तलवारबाजीचा गेम लावून दिला. पात्र निवडायच्या स्क्रीनवर पुरुष योद्ध्याला गळ्यापासून घोट्यापर्यंत चिलखत. बाईचं चिलखत म्हणजे छातीवर दोन वाट्या आणि कमरेला पट्टा. बटण दाबलं की तो तलवार उपसतो, ती कंबर वळवून पाठ दाखवते. मुलगी एकेका बाईवर थांबत शेवटपर्यंत गेली आणि मला म्हणाली, "काका, हिला पोटात तलवार लागत नाही का?" मला काही बोलता आलं नाही. तिने मग एक दाढीवाला घेतला आणि तासभर त्याच्यावरच खेळली.

आमच्या भागात लंगोट लावून पैलवान मातीत उतरतो, तोही उघडाच असतो. त्यात कुणाला वावगं वाटत नाही, कारण तो लढायला आलेला असतो. त्या गेममधल्या बाईला बघणाऱ्यासाठी उभं केलंय, आणि अकरा वर्षांच्या पोरीला ते एका मिनिटात कळलं.

पात्र गेम तयार करणारा स्टुडिओ बनवतो, स्टोअर नाही, हे खरं. पण स्टीमसारखं, कॉम्प्युटरवरचे गेम विकणारं ऑनलाइन स्टोअर प्रत्येक विक्रीतले साधारण ३० टक्के ठेवून घेतं, आणि पहिल्या पानावर काय झळकेल तेही त्याचीच यंत्रणा ठरवते. जून २०१८ मध्ये स्टीमच्या मालक कंपनीने, व्हॉल्व्हने, जाहीर केलं की बेकायदा आणि निव्वळ खोडसाळ माल सोडून सगळं ठेवू. पुढच्याच मार्चमध्ये बलात्कार हाच ज्याचा विषय असा एक गेम तिथे विक्रीला यायच्या बेतात होता. बाहेर ओरड झाली तेव्हा थांबवला. प्लेस्टेशन हे गेम खेळायचं यंत्र बनवणाऱ्या सोनीने त्याच सुमारास उलटं धोरण धरलं. काही जपानी गेममधला मजकूर प्लेस्टेशनवर कापला गेला, कॉम्प्युटरवर तसाच राहिला. म्हणजे काय चालवायचं हे स्टोअर ठरवू शकतं, आणि ठरवतंच.

वय तपासणंही जमतं. नोव्हेंबर २०२४ पासून जर्मनीत वयाचं रेटिंग नसलेला गेम स्टीमवर दिसतच नाही. ब्रिटनमध्ये २०२५ पासून प्रौढांसाठीच्या गेमचं पान उघडायला खात्यावर क्रेडिट कार्ड लागतं. तिथे कायद्याने भाग पाडलं म्हणून झालं. आपल्याकडे सिनेमाला १९५२ चा कायदा आहे, सेन्सॉर बोर्ड आहे. गेमला तसं बोर्ड नाही. म्हणून इथे जन्मतारीख विचारतात आणि सोडतात. माझ्यासमोर एका पोराने वर्षाचा आकडा खाली खाली ओढत १९९० वर आणला आणि पुढे गेला. पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत.

सरसकट बंदी मात्र मला नको आहे. जुलै २०२५ मध्ये कार्ड आणि पेमेंट कंपन्यांचा दबाव आला तेव्हा इच.आयओ या गेम विकणाऱ्या साइटने प्रौढांसाठीचे गेम एकजात शोधातून काढून टाकले. ज्यांचा विकृतीशी काडीचा संबंध नव्हता असे लहान कलाकारही त्यात भरडले गेले. मोठ्या माणसाने काय खेळावं हे कार्ड कंपनीने का ठरवायचं? स्टोअरने स्वतःचा नियम आधी लिहून ठेवावा, तो सगळ्यांना सारखा लावावा, आणि मुलाच्या खात्यावर असल्या गेमची जाहिरात, फोटो, ट्रेलर काहीही दाखवू नये. माझ्या पार्लरमध्ये मी १८ वर्षांवरचे गेम वेगळ्या खात्यावर ठेवलेत आणि पासवर्ड माझ्याकडे आहे. त्यासाठी गिऱ्हाईक तुटलंय, तरी ठेवलेत.

तुमच्यापुरतं आज करण्यासारखं हे: मुलगा बहुतेक तुमच्याच किंवा खोट्या वयाच्या खात्यावर खेळत असेल. त्याच्यासाठी वेगळं खातं काढा, प्लेस्टेशनवर त्यात खरी जन्मतारीख टाका. प्लेस्टेशनवर फॅमिली मॅनेजमेंट आणि स्टीमवर स्टीम फॅमिलीज नावाची सोय आहे. त्यात कुठला गेम उघडेल, आणि स्टीमवर स्टोअर दिसेल की नाही, हे तुम्ही ठरवता. हे त्याच्या पाठीमागे करू नका, त्याला शेजारी बसवा. आणि तो पात्र निवडायचा स्क्रीन एकदा त्याच्याबरोबर उघडून त्या मुलीचा प्रश्न त्याला विचारा. तो काय म्हणतो ते खाली लिहिलंत तर मला वाचायला आवडेल.