मानकांची सुरुवात कुठून करावी
रुग्णांच्या डिजिटल नोंदींची सगळी मानकं, म्हणजे माहिती सगळीकडे एकाच पद्धतीने लिहायचे ठरलेले नियम, एकदम शिकायला जाऊ नका. आधी एवढं ओळखा: निदानाच्या कोडसाठी आयसीडी, लॅब तपासण्यांच्या कोडसाठी लॉइंक, माहिती एका सिस्टीममधून दुसरीत पाठवायला एचएल७ फायर (FHIR). सुरुवातीच्या चुका साध्याच असतात:

- तारीख. ०३/०४/२०२४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? फायरमध्ये आधी वर्ष: २०२४-०४-०३.
- 'शुगर' लिहून मोकळं होणं. गुंतागुंत नसलेल्या टाइप २ मधुमेहाचा आयसीडी-१० कोड ई११.९, तोच टाका.
- रुग्णाची जुनी नोंद न शोधता नवी उघडणं. माझ्या मते ही सगळ्यात घातक. ॲलर्जी एका नोंदीत राहते, औषध दुसरी बघून दिलं जातं! नाव, जन्मतारीख, फोन, तिन्ही ताडून बघा.

मॅपिंग, म्हणजे एका पद्धतीतले कोड दुसरीतल्या कोडशी जुळवणं, सध्या राहू द्या. अडलं तर एरर मेसेज पूर्ण वाचा आणि बिनधास्त विचारा.