विमान शिकू द्यावं का?

प्रश्न : मुलगा बारामतीला विमान शिकायला जायचं म्हणतो. माझा जीव घाबरतो. इथे सोलापुरात तो रोज मोटारसायकलवर फिरतोच. जास्त धोका कशात?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तासांच्या हिशेबाने दोन्ही जवळपास सारखेच. अमेरिकेत छोट्या खासगी विमानांच्या १ लाख उड्डाणतासांमागे साधारण १ जीवघेणा अपघात होतो. तिथल्या मोटारसायकलींचा आकडा तासांत मांडला, तर तोही त्याच्याच आसपास येतो. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची.

फरक कारणांत आहे. इंधन संपणं, ढगांत शिरणं, कमी उंचीवर वळताना वेग हरवणं, हे बरंचसं वैमानिकाच्याच हातात असतं. शिकताना तर शेजारी प्रशिक्षक असतो. रस्त्यावर तसं नाही. अक्कलकोट रोडवर उसाच्या ट्रॉलीला मागे दिवाच नव्हता. त्या रात्री मी हेल्मेटमुळे वाचलो, खांदा अजून दुखतो. (गाळप हंगामात अंधार पडल्यावर त्या रस्त्याला मी आता जातच नाही.)

मुलाला जाऊ द्या. पण आजच त्याचं हेल्मेट हातात घेऊन बघा, पट्टा नीट लागतो का, आयएसआयची खूण आहे का.