गाडी तापली की बंद पडते, स्कॅनरवर पी०६८५ हा बिघाडाचा कोड येतो. ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलावाच लागेल का?

लगेच नाही. तुमच्या लिहिण्यावरून गाडी सकाळी एका सेल्फमध्ये लागते, तापल्यावर चालता चालता बंद पडते आणि थंड झाली की पुन्हा सुरू होते. गॅरेजवाल्याने 'रिले टक वाजतोय, म्हणजे चांगला' म्हणून थेट ईसीएमचं एस्टिमेट दिलं. मी ऑटो इलेक्ट्रिकचंच काम करतो. रिले म्हणजे कॉइलमधून करंट गेला की आतले पॉइंट जोडणारा स्विच. टक आवाजावर रिले पास करणं मला पटत नाही, आणि तोही गाडी थंड असताना ऐकलेला!

पी०६८५ म्हणजे ईसीएमच्या मेन रिलेचं कंट्रोल सर्किट ओपन, थोडक्यात तक्रार कॉइलच्या बाजूची. पी०६८९ असता तर रिलेतून पुढे जाणाऱ्या सप्लायकडे आधी बघितलं असतं.

गाडी बंद पडली की तिथेच चावी ऑन करून मीटरकडे बघा. चेक इंजिनचा दिवा लागतच नसेल आणि स्कॅनरही जोडला जात नसेल, तर ईसीएमला मेन सप्लाय मिळत नाहीये. त्याच क्षणी फ्यूज बॉक्समधला तोच नंबर छापलेला दुसरा रिले (बऱ्याचदा हॉर्नचा) तिथे लावा. नंबर जुळवाच, काही रिलेंच्या आत डायोड असतो, उलटा पडला तर नवीन भानगड.

गाडी लागली तर काढलेल्या रिलेची कॉइल, म्हणजे ८५ आणि ८६ या पिना, मल्टिमीटरवर मोजा. साधारण ५० ते १२० ओहम यायला हवेत. थंड असताना बरोबर येतील, म्हणून हेअर ड्रायरने रिले चांगला तापवून पुन्हा मोजा. आकडा गायब झाला की चोर सापडला. आतला सोल्डरचा डाग तडकलेला असतो आणि उष्णतेने फट उघडते.

बदलूनही गाडी लागली नाही तर सॉकेटकडे वळा. रिले काढून सॉकेटच्या ३० नंबरच्या पिनवर (इथे बॅटरीचा सप्लाय येतो) बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज हवं. चावी ऑन असताना कॉइलच्या एका पिनवर १२ व्होल्ट हवेत, दुसऱ्या पिनला बहुतेक गाड्यांत ईसीएम अर्थ (बॅटरीची निगेटिव्ह बाजू) देतो. हा अर्थ मल्टिमीटरनेच बघा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावू नका. कॉइल पाव अँपियरही ओढत नाही, बल्ब पावणेदोन ओढतो, आणि ईसीएमचा चांगला ट्रान्झिस्टर तुमच्याच हातून जायचा. सॉकेटच्या पिना सैल झाल्यात का, प्लास्टिक तपकिरी पडलंय का, हेही बघा. अशी सैल पिन मापात व्होल्टेज दाखवते आणि गाडी हलली की सोडते.

पॉइंट तपासायचे तर गाडी चालू ठेवून ३० आणि ८७ (सप्लाय पुढे जातो ती पिन) यांच्यामधला व्होल्टेज ड्रॉप मोजा. ०.२ व्होल्टच्या वर गेला की रिले बदला, तो कितीही छान वाजू दे. (लोड नसताना जळका पॉइंटही १२ व्होल्ट दाखवतो.)

आता उरला ईसीएम. अर्थ येत नसेल तर ८५-८६ पासून ईसीएमच्या कनेक्टरपर्यंतची वायर, ईसीएमच्या स्वतःच्या अर्थिंगचे बोल्ट आणि त्याला मिळणारा चावीचा सप्लाय तपासून घ्या. हे तिन्ही ठीक असूनही बिघाडाच्या वेळी अर्थ मिळत नसेल, तरच ईसीएम खोलायला द्या. तेव्हाही आधी बोर्ड रिपेअरवाल्याला दाखवा. रिलेचा ड्रायव्हर (त्याला अर्थ देणारा ट्रान्झिस्टर) बदलून काम भागू शकतं, ते जमलं नाही तरच नवीन ईसीएम, तोही कोडिंगच्या खर्चासकट.